वर्गणीच्या वहीत कोणाचं नाव आहे?

प्रश्न असा आला आहे: "मी मुंबईत समाजकार्याचं शिक्षण घेते. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. बाबा गावच्या मुंबई मंडळाचे खजिनदार आहेत, त्यामुळे शिमगा आणि गणपती आले की घरात फोन, वर्गणी आणि वाद सुरू होतात. सणांमुळे गाव एकत्र राहतं असं सगळे सांगतात, पण आमच्याकडे मानपानावरून दोन वर्षं पालखी फिरलेली नाही. सणांचा गावावर खरंच काय परिणाम होतो, आणि तो अभ्यासायचा कसा?"

तुमचे बाबा खजिनदार आहेत, म्हणजे अभ्यासाचं मुख्य साधन तुमच्या घरच्या कपाटातच आहे: वर्गणीची वही. सणाचा परिणाम शोधायला लोक मिरवणुकीत जातात, ढोल ऐकतात, फोटो काढतात. मी आधी वही मागतो. गावात कोण मोजलं जातं आणि कोण नाही, हे त्या वहीत जितकं स्वच्छ दिसतं तितकं मतदार यादीतही दिसत नाही.

गेली सव्वीस वर्षं मी मुंबईतल्या गावमंडळांची कामं करतो. नोंदणी, मंडळाची घटना म्हणजे नियमावली, हिशोब, विश्वस्त बदलल्याचे बदल अर्ज, वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातल्या फेऱ्या. आणि जे काम कुठल्याच अर्जात बसत नाही ते, म्हणजे तंटे मिटवणं. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांतल्या गावांशी माझा संबंध आला, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते कोकणापुरतं आहे. देशावरची जत्रा, कुस्त्यांचे फड, बैलगाडा शर्यती यांचं गणित वेगळं, ते त्या भागात काम केलेल्या माणसाने सांगावं.

कोकणात वर्गणी घरटी असते. ऐकायला सोपं वाटतं, पण "घर" कशाला म्हणायचं यावर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चाललेल्या सभा मी पाहिल्या आहेत. भाऊ तीन, जुनं घर एक, चुली तीन. वर्गणी एक घ्यायची की तीन? एक घेतली तर शिमग्यात पालखी त्या अंगणात एकदाच बसणार, ओटी एकच, आणि सभेतलं मतही एकच. तीन घेतल्या तर धाकट्याची वेगळी चूल गावाने मान्य केली असा त्याचा अर्थ होतो, आणि उद्या वाटपाचा विषय निघाला की तो हीच पावती काढून दाखवतो. त्या पावतीने कायद्यात मालकी ठरत नाही. गावकीत मात्र तिला वजन असतं.

एका गावातली हकीकत सांगतो, नावं देत नाही. नवरा वारला, मुलगा नाही, दोन मुली. बाई भांडुपला राहून पोळीभाजीचे डबे देणाऱ्या. नवऱ्याचं नाव वहीतून कमी झालं आणि त्या जागी कोणाचंच आलं नाही. पालखी वहीच्या क्रमाने फिरते, त्यामुळे ती त्यांच्या बेड्यासमोरून, म्हणजे अंगणाच्या फाटकासमोरून, सरळ पुढे जाऊ लागली. कोणी ठरवून केलं असं नाही, क्रमात घर नव्हतं एवढंच. तीन शिमगे त्या भांडुपहून जात राहिल्या, अंगण सारवत राहिल्या, ओटीचं तबक तयार ठेवत राहिल्या. चौथ्या वर्षी नालासोपाऱ्याच्या सभेत उभ्या राहून म्हणाल्या, "माझी वर्गणी घ्या."

बाईच्या नावावर घर लावायची रीत नाही, असं उत्तर मिळालं. दिराच्या नावात धरा, असंही कोणी सुचवलं. विषय दोन वर्षं लोंबकळला. तो सुटला तो हिशोबामुळे. वर्गणी अपुरी पडते म्हणून घरटी रक्कम वाढवायचा ठराव आला, तेव्हा हिशोब ठेवणाऱ्या एका तरुणाने जुन्या वह्या काढून दाखवलं की दहा वर्षांत अकरा घरं वहीतून गेली आहेत आणि त्यातली सात घरं विधवांची आहेत. घरं उभी होती, माणसं होती, पैसे द्यायची तयारी होती. मंडळाची घटना मी तिथेच वाचून दाखवली. तिच्यात "गावातील प्रत्येक कुटुंब" असं होतं, पुरुष हा शब्द कुठेच नव्हता. त्या वर्षी सातही नावं चढली.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दोनेक वर्षांनी वाडीत नळपाण्याची योजना आली आणि जोडण्यांची यादी करायची वेळ आली. ग्रामपंचायतीच्या कागदावरची नावं जुनी, कित्येक माणसं केव्हाच वारलेली. मग वाडीने वर्गणीची वही पुढे केली आणि तिच्यावरून यादी बनली. बाईंच्या दारात नळ आला. वही तशीच राहिली असती तर आला नसता. शाळेच्या दुरुस्तीला माणूस, रस्त्याला जागा, स्मशानाच्या शेडला पत्रे, असं काही निघालं की गाव तीच यादी वापरतं, कारण दरवर्षी नवी होणारी दुसरी यादी गावाकडे नसते. सणाचा सामाजिक परिणाम मी यालाच म्हणतो. पालखी पाच-सात दिवस फिरते. तिच्यासाठी केलेली मोजणी वर्षभर वापरली जाते.

आता ज्यांचं नाव त्या वहीत कधीच नव्हतं त्यांच्याविषयी. सणाने गाव एकत्र येतं हे वाक्य मी सभांमध्ये शेकडो वेळा ऐकलं आहे, आणि ते बोलणारा माणूस मनापासूनच बोलत असतो. पण जे आधीपासून आत आहेत तेच एकत्र येतात. जुन्या गावगाड्यात महारांना सणात जागा होती ती कामाची होती: लाकूडफाटा, निरोप, वाजप, आणि सणानंतरची साफसफाई. यातलं काही "मान" म्हणून सांगितलं जाई, पण नाही म्हणायची मुभा नसलेल्या गोष्टीला मान म्हणता येत नाही. महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला, तो याच कोकणात. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर कोकणातल्या वाड्यांनी ही कामं सोडली, आणि महार वतन रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ चा. त्यानंतर बौद्धवाडीचं वर्ष वेगळं झालं: १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, वर्षावास, २० मार्चला महाड, ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी. त्यांचीही मुंबईत मंडळं आहेत, वर्गण्या आहेत, आणि खरं सांगायचं तर मी पाहिलेल्या सगळ्यात नीट ठेवलेल्या हिशोबवह्या तिथल्याच होत्या.

"त्यांनी सण सोडले आणि गाव तुटलं," असं काही मंडळी हळहळत सांगतात. मला ते पटत नाही. माणसं अपमानातून बाहेर पडली. गावात दोन पंचांगं चालू राहिली तर काही बिघडत नाही. बिघडतं ते रस्ता, पाणी, शाळा यांच्या सभा सणाच्या सभेलाच जोडून घेतल्या की, कारण मग एका वाडीला त्या सभेला बोलावणंच जात नाही. म्हणून मंडळांना मी नेहमी सांगतो की देवाचा विषय संपला की सभा संपवा, आणि विकासाची सभा दुसऱ्या दिवशी शाळेत घ्या, सगळ्या वाड्यांना लेखी कळवून.

वाळीत टाकण्याची सुरुवातही सणातच होते. वर्गणी परत केली जाते, पालखी दारात येत नाही, नारळ स्वीकारला जात नाही. नंतर दुकान, विहीर, मयत. यावर महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे. धार्मिक किंवा सामुदायिक कार्यक्रमात भाग घेण्यापासून अडवणं हेही त्यात बहिष्कारात धरलं आहे, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रायगडात आणि रत्नागिरीत काम करताना हा कायदा पदाधिकाऱ्यांना वाचून दाखवणं मी सक्तीचं करतो. "आम्ही फक्त वर्गणी घेतली नाही" म्हणणाऱ्यांना ते फक्त किती मोठं आहे हे तेव्हा कळतं.

तुमच्या गावच्या थांबलेल्या पालखीबद्दल. पहिला खांदा कोणाचा, रूपं म्हणजे देवाचे मुखवटे कोणाच्या हातून लागायचे, सहाणेवर (पालखी बसते त्या चौथऱ्यावर) आधी कोणाचं गाऱ्हाणं, होळीचा माड कोणत्या वाडीतून यायचा, अशा कुठल्या तरी मुद्द्यावर ती थांबली असेल. दरवर्षी शिमग्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या काही गावांत यावरून मनाई आदेश निघतात, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. पण माझा अनुभव असा की खांद्याच्या वादाखाली दुसरा वाद असतो. देवस्थानची जमीन कोण कसतो, ट्रस्टचा बदल अर्ज कोणाच्या नावाने गेला, दोन वाड्यांमधली वाट कोणी अडवली. तो वाद मिटल्याशिवाय मानपानाची बैठक कितीही वेळा घेतली तरी उपयोग होत नाही. तहसीलदारांसमोर समझोता होतो आणि पुढच्या फाकपंचमीला, शिमगा लागला की, पुन्हा तेच सुरू होतं. बाबांना विचारा, पालखी थांबली त्याच्या आधीच्या वर्षी गावात कोणता व्यवहार झाला.

जिथे वाद मिटले तिथे बहुतेक ठिकाणी वाडीवार पाळी लावली गेली, ती लिहून देवळात टांगली गेली, आणि ज्यांचा परंपरेने मान होता त्यांना नारळ वेगळा दिला गेला. नुसती पाळी लावून भागत नाही. तीन पिढ्यांचा मान काढून घेताना त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी कोणी तरी जाऊन बोलावं लागतं. मी स्वतः गेलो आहे, आणि अशा घरांत मला राग कमी आणि दुःख जास्त दिसलं.

मुंबईशिवाय हे चित्र पुरं होत नाही. आपल्या गावांच्या सणांची रचनाच मुंबईत घडली. लालबाग-परळच्या गाळ्यांत एकाच गावची तीस-चाळीस माणसं पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत, आणि महिन्याच्या पगारातून गावच्या देवळासाठी पैसे बाजूला काढत. देवळाचा जीर्णोद्धार, पालखीची नवी चांदी, शाळेची पहिली खोली, सगळं त्या गाळ्यांतून झालं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि कित्येक जण गावी परतले. त्यानंतरच्या काही वर्षांच्या वह्या बघा. वर्गणीचे आकडे पडलेले दिसतात, काही नावांपुढे "येणे" लिहिलेलं असतं. पण नावं खोडलेली नाहीत. पैसे न देऊ शकणाऱ्याचं नाव गावाने त्या वर्षांत वहीत ठेवलं. सणांच्या बाजूने एकच पुरावा द्यायचा झाला तर मी या वह्या ठेवीन.

पुढे चाळी पडल्या, माणसं नालासोपारा, विरार, दिवा, बदलापूरला गेली. गाळा संपला आणि वर्षातून एकदाची वार्षिक सभा आणि व्हॉट्सॲपचा गट उरला. त्याबरोबर एक ताणही वाढला. पैसा मुंबईचा आणि राबणूक गावाची. पावसाळ्यापूर्वी देवळाची कौलं परतणारा, रोज दिवा लावणारा, पालखीच्या वाटेवरचं रान साफ करणारा माणूस गावात असतो, आणि ठराव मुंबईत होतो. २०२० च्या गणपतीत हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आलं. कोकणात जाणाऱ्यांसाठी विलगीकरण चौदा दिवसांवरून दहा दिवसांवर आणलं गेलं, तरी कित्येक गावांनी चाकरमान्यांना वेशीवर अडवलं. मुंबईकर दुखावले, "आमच्याच घरात आम्हाला बंदी" म्हणाले. गावकऱ्यांना भीती होती की जवळ धड दवाखाना नाही. दोघांचंही खरं होतं. त्यानंतर मी ज्या मंडळांसोबत काम करतो तिथे एक बदल आग्रहाने करून घेतला: खर्चाचा कोणताही ठराव गणपतीच्या तिसऱ्या दिवशी गावातच मांडायचा, आणि स्थानिक मंडळाची सही नसेल तर तो मंजूर नाही. काही मंडळांनी मानलं. काहींनी अजून मानलेलं नाही.

कलांबद्दल विचारलं नाहीत, पण तो भाग सोडवत नाही. जाखडीतले शक्तीवाले आणि तुरेवाले यांचे सवाल-जवाब, नमनातला संकासुर, दक्षिणेकडे दशावतार, डबलबारी भजनं, यांच्या तालमी मुंबईत चाळींच्या गच्च्यांवर आणि मैदानांत झाल्या. परळच्या दामोदर नाट्यगृहात कोकणातली मंडळं तिकीट लावून प्रयोग करत आणि जमलेल्या पैशातून गावचं काम होई. ते नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. दुसरी मोठी नाट्यगृहं छोट्या मंडळांना परवडत नाहीत. म्हणजे मुंबईतलं एक सभागृह बंद झालं की दोनशे-तीनशे किलोमीटरवरच्या वाडीतली संरक्षक भिंत अडते. आणि कलेचं काय होतं? गाणं रचणारा शाहीर उरतो, पण त्याच्या मागे कोरस धरायला पोरं नसतात, कारण तालमीला एकत्र यायची जागा नसते. पोरांना आवड नाही हे मी मान्य करत नाही. जागा दिली तिथे पोरं आलेली मी पाहिली आहेत.

सिंधुदुर्गातली माटवी हे दुसरं उदाहरण. गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं-फुलं बांधतात: कवंडळ, हरणं, शेरवड, कांगणी, आंबाडे, सुपारीचे घोस. यातल्या बऱ्याच गोष्टी त्याच दिवसांत मिळतात, आणि कुठल्या ओहोळाच्या कडेला मिळतात हे घरातलं पोर आजोबांबरोबर जाऊन शिकतं. बाजारात तयार जुडी मिळायला लागली की चौकट भरते, शिकणं राहून जातं. मुंबईच्या पोरांना चतुर्थीच्या आदल्या सकाळी रानात पाठवा, एवढा एक कार्यक्रम मंडळाने ठेवला तरी मी त्यांच्या स्टेजच्या खर्चाकडे बोट दाखवणार नाही.

बायकांच्या कामाचा हिशोब कुठल्याच वहीत नसतो. माहेरवाशीण, गौरीचा ववसा (सुपं भरून गौरीपुढे ओवाळणं), रात्रभर झिम्मा-फुगडी, हे खरं आहे आणि सुंदर आहे. कित्येक बायका मला सांगतात की वर्षात मोकळं हसायला तेवढीच एक रात्र मिळते. पण त्याच दिवसांत पहाटे चारला चूल पेटते आणि वीस-पंचवीस माणसांची पंगत दोन वेळा उठते, आणि ते करणारी बाई मुंबईहून रात्रभर उभ्याने प्रवास करून आलेली असते. शिवाय ववसा सवाष्णींचा. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ग्रामसभेत ठराव केला, त्यानंतर राज्य शासनानेही त्याच महिन्यात परिपत्रक काढलं. कोकणातल्या गौरीच्या सुपापर्यंत तो ठराव अजून पोचायचा आहे. दोन-तीन गावांत मी विषय काढला. पहिला विरोध म्हाताऱ्या बायकांकडून आला. पहिला होकारही त्यांच्यातल्याच एकीकडून आला, आणि ती स्वतः विधवा होती.

शेतीबद्दल वाईट तेच सांगावं लागतं. गणपती येतो तेव्हा लावणी होऊन भात पोसवत असतं, शिमगा येतो तेव्हा कापणी-झोडणी उरकून उन्हाळी भाजावळीचे दिवस असतात. सण कामाच्या मोकळ्या जागेत बसवलेले होते. आज दहा दिवस घर उघडतं, दिवे लागतात, आणि घरामागचा मळा पंधरा वर्षं पड असतो. सणाने घराला कुलूप कायमचं लागू दिलं नाही, पण नांगर परत आणला नाही. मुंबईच्या कोळीवाड्यांतही तेच दिसतं. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या समुद्रात घालायच्या, ही मासळीच्या विणीचा काळ पाळायचीच रीत होती. आता १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची सरकारी बंदी त्या जागी आहे, आणि ती उठली की पौर्णिमेची वाट न बघता काही बोटी निघतात. जुने कोळी मात्र अजून थांबतात. सणापासून काम सुटलं की त्याची मिरवणूक मोठी होत जाते, हे मी वरळीतही पाहिलं आणि गुहागरातही.

आता अभ्यासाचं. प्रश्नावली घेऊन सणाच्या दिवशी गावात फिरू नका, त्या दिवशी सगळे एकच उत्तर देतात. बाबांकडून गेल्या तीस वर्षांच्या वह्या मागा. नवी चढलेली नावं सहज सापडतील, पण त्याआधी खोडलेली नावं उतरवून घ्या आणि प्रत्येक नावापुढे कारण लिहा: वारले, विकून गेले, भांडण, बाईमाणूस, माहीत नाही. "माहीत नाही" असलेल्या घरांत स्वतः जा. मग वहीच्या क्रमाने गावाचा नकाशा काढा आणि पालखीची वाट त्यावर आखा. ती कुठल्या वाडीच्या तोंडाशी वळते ते कागदावर दिसेल. त्यानंतर मुलाखती घ्या, सणाआधी महिनाभर आणि सणानंतर महिनाभर.

आणि बाबांना एक प्रश्न तुमच्यासाठीही विचारा: त्यांच्यानंतर त्या घराची वर्गणी तुमच्या नावाने घेतली जाईल का? मंडळाच्या घटनेत काय लिहिलं आहे ते आधी वाचून जा. त्यांचं उत्तर मला कळवा, मग पालखीच्या वादाचे कागद घेऊन आपण बसू.